एच. पायलोरीची स्टूल अँटिजेन तपासणी: पित्ताची गोळी चालू असताना आलेला ‘निगेटिव्ह’ धरायचा का?

रानजाई

अल्सर आणि वर्षानुवर्षं न हटणारी जठराची सूज यांच्यामागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो, हे आता पुष्कळांना माहीत आहे. तो शौचाच्या नमुन्यातून, म्हणजे त्याची प्रथिनं (अँटिजेन) शोधून, ओळखता येतो, हेही ऐकलेलं असतं. पण ही तपासणी कधी करायची, आधी कोणती औषधं थांबवायची आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय, हे रुग्णाला नीट बसून सांगणारं फारसं कोणी भेटत नाही. चिठ्ठीवर तपासणीचं नाव येतं, हातात डबी येते, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या घरचा अनुभव आधी सांगते. वडिलांना पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या खाली दुखायचं. रोज सकाळी रिकाम्या पोटी पित्ताची गोळी चालू होती. ती चालू असतानाच तपासणी झाली आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. गोळी चालू आहे का, हे कोणी विचारलंच नाही. जंतू नाही म्हणून विषय बंद. दुखणं मात्र जाऊन येऊन राहिलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न हाच केला. त्यांनी गोळी थांबवून पुन्हा नमुना द्यायला लावला. पॉझिटिव्ह! तोवर लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर झालेला होता. आता वडील बरे आहेत, पण मधले ते महिने फुकट दुखण्यात गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

असं का होतं, तर ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच जातीची औषधं, पीपीआय. ती जठरातलं आम्ल दाबतात. आम्ल घटलं की या जिवाणूची वाढ मंदावते, संख्या कमी होते. तो मरत नाही, फक्त विरळ होतो. मग शौचात उतरणारे त्याचे अंशही इतके कमी होतात की तपासणीला सापडत नाहीत. म्हणून नियम असा: नमुना देण्याआधी पीपीआय निदान २ आठवडे बंद हवं. व्होनोप्राझन हे नवीन औषध जात म्हणून वेगळं आहे, पण आम्ल तेही जबरदस्त दाबतं, त्यामुळे त्यालाही हाच नियम. प्रतिजैविकं आणि बिस्मथ असलेली औषधं ४ आठवडे बंद हवीत. प्रतिजैविक पोटासाठीच घेतलेलं असायला हवं असं नाही. घशासाठी, दातासाठी, लघवीच्या संसर्गासाठी घेतलेला कोर्ससुद्धा मोजायचा, आणि नेमका तोच सांगायचा राहून जातो.

साधी पातळ अँटासिड किंवा फॅमोटिडिनसारखी गोळी या तपासणीला फारशी आड येत नाही. त्यामुळे ज्यांना मधले २ आठवडे जळजळ सोसवत नाही, त्यांनी डॉक्टरांना या पर्यायांबद्दल विचारावं.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. गोळी चालू असताना रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो धरायचा. गोळी जिवाणू लपवते, नसलेला जिवाणू दाखवत नाही. संशय निगेटिव्हवर घ्यायचा, पॉझिटिव्हवर नाही.

उपचारानंतरची दुसरी तपासणी हा तर आणखी दुर्लक्षित भाग. कोर्स संपला, दुखणं थांबलं, म्हणजे जिवाणू गेला असं सगळे गृहीत धरतात. दुखणं थांबण्याचा आणि जिवाणू जाण्याचा तसा थेट संबंध नाही, कारण कोर्समध्ये आम्ल दाबणारं औषधही असतंच आणि बरं वाटायला तेवढं पुरतं. शेवटचं प्रतिजैविक घेतल्यापासून किमान ४ आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यायचा. लवकर दिला तर उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकतं: मेलेल्या जिवाणूंचे अंश अजून उतरत असतील तर खोटा पॉझिटिव्ह, अर्धमेले उरले असतील तर खोटा निगेटिव्ह.

कोणाला काही विचारायचं असेल, स्वतःचा अनुभव असेल, तर लिहा. इथे लॅबमध्ये काम करणारे आणि डॉक्टर मंडळीही आहेत, त्यांनी माझं काही चुकत असेल तर सांगावं.

खडीसाखर

ताई, फार गरजेचा धागा. माझा प्रश्न साधा आहे. मागच्या महिन्यात माझी स्टूल रुटीन आणि स्टूल कल्चर दोन्ही झाली. दोन्ही नॉर्मल. म्हणजे एच. पायलोरी नाही, असंच ना?

काचपट्टी

खडीसाखर, नाही. या दोन्ही तपासण्यांत एच. पायलोरी शोधलाच जात नाही. मी लॅबमध्ये आहे आणि हा गैरसमज सतत भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टूल रुटीनमध्ये आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी, अमिबा, जिआर्डिया, पांढऱ्या आणि तांबड्या पेशी बघतो. कल्चरमध्ये साल्मोनेला, शिगेला असे जुलाब करणारे जिवाणू वाढवून बघतो. गुप्त रक्ताची तपासणी, म्हणजे ऑकल्ट ब्लड, ही तिसरीच. तिच्यात रक्त आहे की नाही तेवढंच कळतं, कशामुळे ते कळत नाही. एच. पायलोरीसाठी चिठ्ठीवर स्पष्ट ‘एच. पायलोरी स्टूल अँटिजेन’ असं लिहिलेलं लागतं. नुसतं ‘स्टूल टेस्ट’ लिहिलेलं असेल तर डबी देण्याआधी खात्री करून घ्या.

मग कल्चरमध्ये हाही वाढवून का बघत नाही? कारण हा जिवाणू फार हळू आणि फार नखऱ्याने वाढतो. हवेतला नेहमीइतका ऑक्सिजन त्याला चालत नाही, कमी लागतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे जठराच्या तुकड्यांतून तो वाढवू बघत होते, तेव्हा काही वाढलं नाही म्हणून प्लेट दोन दिवसांत टाकून दिल्या जायच्या. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट जास्त दिवस उबवणीत राहून गेल्या आणि वसाहती दिसल्या. पुढे मार्शलनी १९८४मध्ये स्वतः त्या जिवाणूचं द्रावण पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. जठराच्या तुकड्यातून वाढवताना ही तऱ्हा, तर शौचात कोट्यवधी इतर जिवाणूंच्या गर्दीत तो वेगळा वाढवणं रोजच्या कामात शक्यच नाही. आतड्याचा सगळा प्रवास करून खाली येईपर्यंत त्यातले बरेच जिवंतही नसतात.

म्हणून आम्ही जिवाणू न शोधता त्याची प्रथिनं शोधतो. ती म्हणजे अँटिजेन. एलायझा पद्धतीत प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांना आधीच प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. त्यात नमुना घातला की एच. पायलोरीची प्रथिनं तिथे अडकतात, बाकीचं धुऊन निघून जातं. मग रंग येणारं रसायन घालायचं. रंग किती चढला ते यंत्र मोजतं. दुसरी पद्धत म्हणजे कार्ड, त्यावर रेघ उमटते. कार्ड लवकर होतं, पण एलायझा, त्यातही मोनोक्लोनल प्रतिपिंडं वापरणारी, जास्त भरवशाची. नीट तयारी करून नमुना दिला असेल तर तिची अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर असते.

रानजाई

काचपट्टी दादा, नमुना कसा घ्यायचा तेही लिहाल का? वडिलांना डबी दिली तेव्हा त्याबद्दल एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं.

काचपट्टी

लिहितो. लोक लाजतात म्हणून विचारत नाहीत, आणि लॅबच्या खिडकीवर गर्दी असते म्हणून आमच्याकडून सांगितलं जात नाही. आमच्या बाजूने हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

डबी कोरडी आणि स्वच्छ हवी, शक्यतो लॅबनेच दिलेली. नमुन्यात लघवी मिसळू द्यायची नाही, म्हणून आधी लघवी करून घ्यावी. भांड्यातल्या पाण्यात पडलेला नमुना उचलायचा नाही, त्यात पाणी आणि सफाईचं रसायन दोन्ही आलं. कमोडवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी ताणून लावावी किंवा कोरड्या पसरट भांड्यात शौच करावं, आणि डबीच्या झाकणाला असलेल्या चमच्याने थोडा भाग घ्यावा. मोठ्या वाटाण्याएवढा पुरतो. डबी गच्च भरून आणू नका, त्याचा उपयोग नाही. उपाशी राहायची गरज नाही. सकाळचाच नमुना हवा असंही नाही.

लगेच पोचवता आला तर उत्तम. नाहीतर फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवा. बहुतेक किट असा ठेवलेला नमुना ७२ तासांपर्यंत चालवून घेतात, पण प्रत्येक किटचे नियम वेगळे, आपल्या लॅबला विचारावं. फॉर्मॅलिन घातलेली डबी या तपासणीला चालत नाही. ती जंतांच्या तपासणीसाठी असते आणि कधीकधी चुकून दिली जाते. डबीत आधीपासून काही द्रव असेल तर तो कशासाठी आहे हे विचारा.

आणखी एक: पाण्यासारखे जुलाब चालू असताना नमुना देऊ नका. पातळ शौचात अँटिजेन विरळ होतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. जुलाब थांबू द्या.

शतपावली

माझी एच. पायलोरीची तपासणी रक्तावर झाली होती. आयजीजी पॉझिटिव्ह. काही वर्षांपूर्वी मी १४ दिवसांचा पूर्ण कोर्स केला आहे, तरीही आता परत पॉझिटिव्ह. म्हणजे औषधांचा काही उपयोगच झाला नाही का? मी खरोखर खचलोय. पुन्हा तो कोर्स घ्यायची ताकद नाही. तोंडाची ती धातूसारखी चव, मळमळ, सगळं अजून लक्षात आहे.

औदुंबर

शतपावली, खचू नका. मी पोटविकारांचं काम बघतो. रक्तातली आयजीजी ही जिवाणूविरुद्ध तुमच्या शरीराने केलेली प्रतिपिंडं दाखवते. जिवाणू निघून गेला तरी ती रक्तात महिनोन्‌महिने, कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं राहतात. उपचार यशस्वी झाले की नाही हे रक्तावरून ठरवायचंच नसतं. त्यामुळे तुमचा आत्ताचा पॉझिटिव्ह हा जुन्या संसर्गाची खूण असण्याची पुरेपूर शक्यता आहे. तयारी करून स्टूल अँटिजेन किंवा श्वासाची तपासणी करा. त्याआधी औषधं घेऊ नका.

श्वासाच्या तपासणीबद्दलही सांगतो. या जिवाणूकडे युरिएज नावाचं एन्झाइम मुबलक असतं. त्याच्या जोरावर तो युरियाचं विघटन करून अमोनिया बनवतो आणि आम्लात तग धरतो. रुग्णाला खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. जठरात जिवाणू असेल तर तो युरिया फुटतो आणि खुणेचा कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. कार्बन-१३ वापरला तर किरणोत्साराचा प्रश्नच नाही. कार्बन-१४ किंचित किरणोत्सारी असतो, म्हणून गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी तो टाळतात. औषधं थांबवायचे नियम श्वासालाही तेच, २ आठवडे आणि ४ आठवडे. अचूकतेत दोन्ही जवळपास सारख्या. जी सहज उपलब्ध असेल ती करावी.

रक्ताची तपासणी अगदीच निरुपयोगी आहे असं मात्र नाही. अल्सरमधून रक्तस्राव चालू असताना स्टूल आणि श्वास दोन्ही खोटे निगेटिव्ह येऊ शकतात, आणि अशा रुग्णाचं पीपीआय थांबवताही येत नाही. पूर्वी कधी उपचार न झालेल्या अशा रुग्णात प्रतिपिंडं सापडली तर त्याला काही अर्थ असतो. पण हा अपवाद झाला. रक्तस्रावाच्या काळातला निगेटिव्ह असेल तर रुग्ण सावरल्यावर तपासणी पुन्हा करायची, हे विसरायचं नाही.

रानजाईंनी मूळ लेखात जे लिहिलंय ते बरोबर आहे. एकच भर घालतो: पीपीआय स्वतःच्या मनाने थांबवू नका. ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, ज्यांना आधी अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे, जे सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित घेतात, त्यांच्यासाठी ती गोळी संरक्षण म्हणून दिलेली असते. तिथे २ आठवडे गोळी बंद ठेवणं तपासणी चुकण्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं. अशांचं नियोजन वेगळं करावं लागतं.

वाटसरू

डॉक्टर, मला एक विचारायचंय आणि थोडा वादही घालायचाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४मध्येच या जिवाणूला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा, सिद्ध झालेला. तपासणी इतकी सोपी, सुई नाही, दुर्बीण नाही. मग लक्षणं असोत नसोत, प्रत्येक प्रौढाची तपासणी करून उपचार का करत नाहीत? तैवानच्या मात्सू बेटांवर २००४पासून सगळ्या लोकांची तपासणी आणि उपचार केले, तर जठराच्या कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जपानने २०१३पासून नुसत्या जठरदाहासाठीही उपचार विम्यात घेतले. आपण लक्षणांची वाट बघत बसायचं म्हणजे उशीर करण्यासारखंच झालं.

औदुंबर

वाटसरू, तुमचा मुद्दा बिनबुडाचा नाही. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तज्ज्ञांच्या क्योटो सहमतीने हेच म्हटलं की एच. पायलोरीचा जठरदाह हा संसर्गजन्य आजार आहे, लक्षणं असोत वा नसोत, आणि सापडला तर उपचार द्यावेत. सापडलाच तर द्यावेत, हे मलाही मान्य आहे. पण सरसकट सगळ्यांमध्ये शोधत जावं का, हा वेगळा प्रश्न आहे.

मात्सूचं उदाहरण खरं आहे, पण तिथे जठराच्या कर्करोगाचं प्रमाण मुळातच फार जास्त होतं. तैवानमध्येच आणखी एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. ५० ते ६९ वर्षांच्या लोकांना आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातल्या रक्ताची तपासणी दिली जायची, त्यातल्या काहींना तिच्याच जोडीला एच. पायलोरीची स्टूल अँटिजेन तपासणी दिली. नुसतं बोलावणं गेलं म्हणून कर्करोगाच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांनी खरोखर तपासणी करून घेतली त्यांचा हिशेब जुळवून पाहिला तेव्हा नव्या कर्करोगाचं प्रमाण कमी दिसलं. शिवाय पाठपुरावा अजून काही वर्षांचाच आहे आणि हा कर्करोग व्हायला दशकं लागतात. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण ‘सगळ्यांची करा’ असं छातीठोकपणे सांगावं इतका पुरावा सगळीकडच्या लोकांसाठी अजून नाही.

उपचारांची दुसरी बाजूही आहे. जगातल्या निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये हा जिवाणू आहे. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. इतक्यांना दोन-दोन प्रतिजैविकं १४ दिवस दिली, तर प्रतिरोधाचं काय? क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जिवाणू आताच इतके वाढलेत की ते वापरणारा जुना तीन औषधांचा कोर्स डोळे मिटून द्यायचे दिवस गेले. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिल्या उपचारासाठी बिस्मथसह चार औषधांचा १४ दिवसांचा कोर्स पुढे आहे.

तपासणी जरूर करावी असे गट ठरलेले आहेत: अल्सर असलेले किंवा पूर्वी झालेले, तरुण वयात न हटणारं अपचन असलेले, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झालेले, दीर्घकाळ ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकं सुरू होणार असलेले, लोहाची कमतरता आहे पण कारण सापडत नाही असे, आणि जठराचा माल्ट लिम्फोमा (लसिका पेशींचा एक कर्करोग) किंवा प्लेटलेट कमी होण्याचा आयटीपी हा आजार असलेले.

वाटसरू

नात्यात कर्करोग, हा मुद्दा माझ्यासाठी महत्त्वाचा आहे. माझ्या आईला झाला होता, म्हणूनच मी इतक्या तळमळीने लिहितोय. म्हणजे मी आणि माझी भावंडं त्या गटात येतो?

औदुंबर

हो, तुम्ही आणि भावंडं दोघंही. तपासणी करून घ्या. मात्र पोटात काही त्रास असेल तर नुसत्या स्टूल तपासणीवर थांबू नका, दुर्बिणीबद्दल बोला. स्टूल तपासणी जिवाणू आहे का ते सांगते. जठराच्या अस्तराचं काय झालंय ते सांगत नाही. वजन विनाकारण घटणं, गिळताना अडकणं, सतत उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, यातलं काहीही असेल तर सरळ एंडोस्कोपी. साठीनंतर अपचन नव्याने सुरू झालं तरीही. तिथे स्टूल तपासणी करत बसून वेळ घालवायचा नाही.

खडीसाखर

काळ्या शौचावरून आठवलं. मला लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि शौच काळी होते. घाबरायचं का?

काचपट्टी

लोह आणि बिस्मथ दोन्हींनी शौच काळी होते, बिस्मथने जीभही. रक्तामुळे होणारी काळी शौच डांबरासारखी चिकट, चकचकीत असते आणि तिला विशिष्ट उग्र वास असतो. पण फरक ओळखायचा प्रयत्न घरी करत बसू नका. चक्कर, धाप, अशक्तपणा यापैकी काही जोडीला असेल तर थेट रुग्णालयात.

ओवी

माझ्या आठ वर्षांच्या मुलाचं अधूनमधून बेंबीभोवती दुखतं. नवऱ्याला एच. पायलोरी निघाला. मुलाचीही स्टूल तपासणी करून टाकावी असं घरचे म्हणताहेत. हा संसर्ग घरात पसरतो म्हणतात ना?

औदुंबर

पसरतो, आणि बहुतेकांना तो बालपणीच घरातल्या माणसांकडून होतो. तरीही मुलांच्या बाबतीत सल्ला वेगळा आहे. बेंबीभोवतीचं अधूनमधूनचं दुखणं एच. पायलोरीमुळे असतंच असं दिसलेलं नाही, आणि मुलांमध्ये ‘तपासा आणि उपचार करा’ हा मार्ग बालपोटविकारतज्ज्ञ सुचवत नाहीत. मुलाचं वजन नीट वाढतंय का, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, उलट्या किंवा शौचातून रक्त आहे का, हे बघून बालरोगतज्ज्ञ ठरवतील. नुसती तपासणी केली आणि पॉझिटिव्ह आली, तर पुढे काय करायचं हा प्रश्न जास्त अवघड होऊन बसतो. तुम्हाला स्वतःला काही त्रास असेल तर तुमची तपासणी जरूर करा.

पिंपळपान

माझा पहिला कोर्स फसला. नियमाप्रमाणे गोळी थांबवून, ४ आठवडे उलटल्यावर नमुना दिला, पॉझिटिव्ह. एकही गोळी चुकवली नव्हती. रिपोर्टमध्ये आकडाही दिलाय, तो आधीच्या रिपोर्टपेक्षा निम्मा आहे. म्हणजे निम्मा जिवाणू गेला, आणखी थोडे दिवस तेच औषध घेतलं तर जाईल, असं मानायचं का?

काचपट्टी

आकड्याचा असा अर्थ लावू नका. तो रंग किती चढला त्याचा आकडा आहे. नमुना किती घट्ट होता, चमच्यात किती आला, किट कोणतं होतं, यावर तो हलतो. ठरवलेल्या मर्यादेच्या वर की खाली, एवढंच बघायचं. मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर पुन्हा तपासणी किंवा श्वासाची तपासणी करून खात्री करतात. कार्डवरच्या फिकट रेघेचंही तसंच. किटमध्ये सांगितलेल्या वेळेत उमटलेली फिकट रेघही साधारणपणे पॉझिटिव्हच धरतात. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ वाचायची नसते.

औदुंबर

आणि तेच औषध लांबवणं हा मार्ग नव्हे. पहिल्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असेल, तर दुसऱ्या खेपेला ते पुन्हा देत नाहीत, कारण उरलेला जिवाणू त्याला दाद देत नसण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या चिठ्ठीची प्रत जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा, ती सोन्यासारखी आहे. अलीकडे शौचाच्याच नमुन्यावर पीसीआर करून क्लॅरिथ्रोमायसिनच्या प्रतिरोधाची जनुकीय खूण शोधता येते. सगळीकडे ती सोय नाही, पण विचारून बघा. मोठ्या केंद्रात एंडोस्कोपीच्या तुकड्यावर कल्चर करून कोणतं औषध चालेल हेही बघतात.

पिंपळपान

डॉक्टर, धन्यवाद. पहिल्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन होतंच. मी हेच औषध आणखी आठवडाभर मागून घेणार होते. आता चिठ्ठी घेऊन जाते.

शतपावली

मी तयारीला लागलोय. पण पित्ताची गोळी थांबवली आणि चारच दिवसांत जळजळ इतकी वाढली की झोप नाही. जिवाणू जोर धरतोय म्हणून का हे?

रानजाई

शतपावली काका, वडिलांनाही हेच झालं होतं आणि तेही घाबरले होते. पीपीआय बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं की जठर काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल बनवतं. ते जिवाणूचं लक्षण असायलाच हवं असं नाही, आणि हळूहळू ओसरतं. वडिलांना डॉक्टरांनी त्या काळापुरती पातळ अँटासिड आणि रात्री फॅमोटिडिन दिली होती. तुम्हीही फोन करून विचारा, मनाने पुन्हा पीपीआय सुरू करू नका. एक जरी गोळी घेतली असेल तर ती तारीख लिहून ठेवा आणि नमुना देण्याआधी सांगा.

शतपावली

फोन केला. फॅमोटिडिन लिहून दिली. आता प्रश्न तारखांचा. प्रतिजैविक मी या वर्षात घेतलेलंच नाही, फक्त पीपीआय होतं. मग मला ४ आठवडे थांबायचं की २?

काचपट्टी

फक्त पीपीआय असेल तर २ आठवडे, शेवटच्या गोळीच्या दिवसापासून मोजायचे. मधल्या काळात बिस्मथ असलेलं पोटाचं औषध दुकानातून आणून घेऊ नका, नाहीतर मोजणी पुन्हा ४ आठवड्यांपासून सुरू होईल. पातळ औषधाच्या बाटलीवरचे घटक वाचून घ्या. आणि लॅबच्या अर्जावर ‘पीपीआय अमुक तारखेला बंद’ असं स्वतः लिहा. जागा नसेल तर वर कोपऱ्यात लिहा. रिपोर्टवर सही करणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.

रानजाई

हे अर्जावर लिहिण्याचं फार महत्त्वाचं आहे. मूळ लेखात भर घालते. शतपावली काका, रिपोर्ट आला की इथे कळवा, आणि निगेटिव्ह आला तर त्या रक्ताच्या रिपोर्टसोबतच फायलीत लावा, म्हणजे पुढे कोणी नुसती आयजीजी बघून पुन्हा कोर्स सुरू करणार नाही.